चुना, दीड किलो

अजनीच्या आमच्या लुथरन चर्चमध्ये
बाकं पहिल्यांदा हलली ती या लेंतमध्ये.
खाली फरशी निराळ्याच रंगाची निघाली,
साठ वर्षं कोणाच्या पायाखाली न आलेली,
आणि एक चाराण्याचं नाणं,
जे मी रीतसर जमा धरलं.

रेव्हरंड शलोमी तिरपुडे, वय एकतीस,
पदर खोचून, ओणव्या, मुठीतून चुना सोडत
वर्तुळाच्या पोटात वर्तुळ आखत होत्या.
"वाट एकच आहे," म्हणाल्या, "चुकायची सोयच नाही.
आत जायचं, थांबायचं, त्याच वाटेनं बाहेर.
अनवाणी. श्वास मोजू नका, येऊ द्या."

निकोदेम खोब्रागडे उभे राहिले.
"बाई, आपण लुथरन. तारण कृपेनं, कर्मानं नाही.
मग हे पायदळ फिरून काहून अन् काय मिळवायचं?"
बाईंनी हातावरचा चुना फुंकला.
"काहीच नाही, भाऊ. मिळायचं ते मिळून गेलंय.
म्हणून तर फिरायला मोकळे."

मी खजिनदार. मी बेरीज ऐकतो, वाद नाही.

दोर्कस सिस्टर मात्र वाटेकडे बघत राहिल्या.
मिशन दवाखान्यातली त्यांची चौतीस वर्षं.
"खेड्यात अडलेल्या बाईला
काशाच्या ताटात असंच चक्र काढून देत,
मग धुऊन तेच पाणी पाजत.
आम्ही नर्सा हसायचो.
पण रेघेवरून बोट फिरवायची तेवढा वेळ
बाई ओरडायची नाही."

माझा बाप लोको शेडमध्ये फिटर.
रविवारी हात घासघासून धुवायचा,
तरी प्रभुभोजनाला ओंजळ पुढे करताना
नखं आत वळवायचा. ग्रीस दिसू नये.
देह म्हणजे आमच्याकडे
चर्चच्या पायरीपर्यंत सोबत करणारा माणूस.
आत फक्त गळ्याच्या वरचं:
गीत, शास्त्रपाठ, आमेन.

मागच्या पोळ्याला माझी डावी बाजू गेली.
परत आली,
सोळा आण्यांतले बारा आणे.

सगळे फिरून आले. मी बसून होतो.
शेवटी उठलो तो भक्तीनं नाही,
कुलपाची किल्ली माझ्याकडे
आणि नऊ वाजत आले होते.

वाटेच्या तोंडाशी दोर्कस सिस्टर, वाटीत साधं खोबरेल.
मी उजवा तळहात पुढे केला.
त्यांनी डावा मागितला.

मी चाललो.
उजवा पाय टाकायचा, डावा ओढायचा.
जिथे जिथे वळण, तिथे तिथे
डाव्यानं बाईंची रेघ पुसली.
मधोमध थांबलो. काही दिसलं नाही.
कूलरच्या ओल्या खसाचा वास.
बाहेर मालगाडी, आणि डबे मोजायची
रेल्वेतली जुनी खोड:
बावन्नपर्यंत मोजले, मग राहून गेलं.
डाव्या अंगठ्याला फरशी गार लागली.
सात महिन्यांत पहिल्यांदा लागली,
की आजच मी त्याला विचारलं,
माहीत नाही.

परत येताना मागे पाहिलं:
पांढऱ्या वाटेवरून कोणी पोतं ओढत नेलं असावं
तसा फराटा.
"बाई, खराब झालं," मी म्हणालो.
त्या चुन्याची पिशवी घडी घालत होत्या.
पुढच्या बुधवारी त्यांनी रेघ नव्यानं आखली नाही.
ढोकेंची पोरं माझ्या फराट्यावरून
एक पाय ओढत, हसत गेली.
मला राग यायला हवा होता.

महिनाअखेर वही लिहायला बसलो.
चुना, दीड किलो: पंचेचाळीस रुपये.
खोबरेल: सिस्टरकडून, नावे नाही.
'कशासाठी' या रकान्यापाशी पेन बराच वेळ टेकलं,
शाईचा ठिपका पडला.
मग लिहिलं, दुरुस्ती.

सही करताना खोब्रागडे थांबले.
"कसली दुरुस्ती?"

मी चपला शोधत होतो.
डाव्या चपलेत अजून चुना होता.